थँक्यूच्या पुढचं इंग्रजी: आभाराचे शब्द आणि त्यांचा अनुवाद, अगदी पहिल्यापासून

एसटीत कुणी पोराला खिडकीची जागा दिली की आईचं वाक्य ठरलेलं असतं: "थँक्यू म्हण काकांना." पोरगं लाजत म्हणतं, काका "असू दे, असू दे" करतात, गाडी पुढे निघते. इंग्रजीतला हा शब्द शाळेची पायरी चढायच्या आधीच आपल्या तोंडात बसलेला असतो. अडचण त्यानंतर येते. मदत मोठी असली, माणूस मोठा असला, पत्र लिहायचं असलं किंवा मराठी भाषण इंग्रजीत करून द्यायचं असलं, की आपण त्याच एका थँक्यूला 'व्हेरी मच' जोडून वेळ मारून नेतो.

नोकरी-धंद्यातल्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते आणि अधूनमधून अनुवादाची कामंही घेते. शब्द वाढवायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी आभारापासून करा म्हणते. हा विषय रोज लागतो, आणि मराठीत आपल्याकडे त्याचा मुबलक माल आहे. शिवाय दोन भाषा इथे इतक्या वेगळ्या वागतात, की अनुवादातले बरेचसे खाचखळगे या एकाच विषयात भेटतात.

इथली इंग्रजी वाक्यं मी देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, वहीत रोमन लिपीत उतरवा आणि मग स्पेलिंग शब्दकोशात तपासा. हा त्रास मुद्दाम दिलाय. नुसता डोळ्यांखालून गेलेला शब्द आठवड्यात विसरतो. हाताने लिहून, चुकून, खोडून दुरुस्त केलेला टिकतो.

पायरी पहिली: आधी मराठीची झडती

शंभर पानी वही घ्या. पहिली चार पानं इंग्रजीला हात लावायचा नाही. दोन-तीन दिवस घरात, ऑफिसात, बाजारात कान उघडे ठेवा आणि माणसं उपकाराची जाणीव कशी दाखवतात ते जसंच्या तसं टिपून घ्या. 'धन्यवाद' हा शब्द तुम्हाला फार कमी ऐकू येईल. तो सूत्रसंचालकाच्या तोंडी असतो, पत्राच्या शेवटी असतो, एटीएमच्या पडद्यावर असतो. घरात मात्र "बरं झालं आलास", "देव तुझं भलं करो", "पुण्य लागेल तुला", "अन्नदाता सुखी भव", "तू होतास म्हणून निभावलं" अशी वाक्यं येतात. आजी तर नुसती गालावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडते. गोव्यात कोकणीत "देव बरें करूं" म्हणतात, म्हणजे तिथे आभार हा आशीर्वादच झाला.

आता शब्दांकडे नीट पाहा. 'धन्यवाद' म्हणजे समोरच्याला धन्य म्हणणं. 'आभार'मध्ये भार दिसतो. 'कृतज्ञ' म्हणजे केलेलं जाणणारा आणि 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. एका अक्षराच्या फरकाने माणूस इकडचा तिकडे होतो. 'ऋणी', 'उतराई', 'पांग फेडणे' हे सगळे उधारीचे शब्द. 'कदर' मूळचा अरबी, किमतीशी नातं सांगणारा. आणि 'मिंधा' हा आभाराचा कडवट चुलतभाऊ. हे सगळं वहीत आलं की इंग्रजीतली निम्मी मेहनत वाचते, कारण तिकडेही हीच चित्रं आहेत.

पायरी दुसरी: शब्द एकेकटे नको, घराण्याने घ्या

बाजारातल्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकांत शब्द वर्णानुक्रमे असतात. तसे पाठ करू नका. आभाराच्या इंग्रजी शब्दांची ढोबळ चार घराणी करता येतात. प्रत्येकाला वहीत चार-पाच पानं द्या.

पहिलं घराणं 'थँक'चं. हा शब्द जुन्या इंग्रजीतला असून त्याचं नातं 'थिंक'शी आहे. आभार मानणं म्हणजे मनात आणणं, आठवण ठेवणं. आपल्या 'कृतज्ञ'मधलं जाणणं इथे भेटतं, म्हणून 'जाण ठेवणे' हा वाक्प्रचार इंग्रजीत न्यायला अवघड जात नाही: "ही हॅज नॉट फर्गॉटन द पीपल हू हेल्प्ड हिम." याच घरातला 'थँकफुल' थोडा वेगळा चालतो. त्यात बऱ्याचदा सुटकेचा श्वास असतो. "नशीब, कुणाला लागलं नाही" हे इंग्रजीत "आय'म थँकफुल नोबडी वॉज हर्ट" असं होतं. 'थँकफुली' म्हणजे आपलं 'नशिबाने'. आणि 'थँकलेस जॉब' म्हणजे ज्या कामाला कुणी बरं म्हणत नाही ते. आपल्या लष्कराच्या भाकऱ्या जवळपास तिथेच भाजल्या जातात.

दुसरं घराणं लॅटिनमधल्या 'ग्रातुस'चं, आणि हे सगळ्यांत श्रीमंत. ग्रातुस म्हणजे आवडलेलं, सुखावणारं, तसंच कृतज्ञही. त्यातून ग्रेटफुल, ग्रॅटिट्यूड, ग्रेस, ग्रॅटिफाय, ग्रॅटिस आणि काँग्रॅच्युलेट हे शब्द आले. फ्रेंचमधून फिरून आलेला 'ॲग्री' सुद्धा याच वंशाचा. जेवणाआधी आपण श्लोक म्हणतो, इंग्रज 'से ग्रेस' करतात. आणि ज्याने कधी इंग्रजी पुस्तक उघडलं नाही त्यालाही माहीत असलेला शब्द म्हणजे ग्रॅच्युइटी. 1972 साली संसदेने तिचा कायदा केला, सरकारी मराठीत तिला 'उपदान' म्हणतात. पण निवृत्तीच्या आदल्या महिन्यात कुणी "माझं उपदान किती?" असं विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शब्दाच्या मुळाशी सेवेबद्दल खुशीने दिलेली रक्कम आहे. इंग्लंड-अमेरिकेत हॉटेलातल्या टीपलाही हाच शब्द वापरतात. एक ग्रॅच्युइटी पक्की लक्षात राहिली की तिच्या हाताला धरून बाकीची भावंडं येतात.

या घराण्यात दोन खड्डे आहेत. पहिला स्पेलिंगचा. 'ग्रेटफुल'मधला ग्रेट हा महान या अर्थाचा ग्रेट नव्हे. तो जी, आर, ए, टी, ई असा लिहायचा. पदवीधरांच्या अर्जांतही हे चुकलेलं मी पाहते. दुसरा खड्डा नकाराचा. विशेषण 'अनग्रेटफुल', पण नाम 'इनग्रॅटिट्यूड'. विशेषणाला 'अन', नामाला 'इन'. कृतघ्न माणूस मात्र 'इनग्रेट'. का, असं विचारत बसू नका, तोंडात घोळवा.

तिसरं घराणं कर्जाचं: ओ (म्हणजे देणं लागणं), डेट, इन्डेटेड, ऑब्लाइज्ड, बिहोल्डन. 'डेट'मध्ये बी आहे आणि तो उच्चारायचा नाही. जुन्या पंडितांना लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण झाली आणि त्यांनी तो स्पेलिंगमध्ये घुसवला; त्याचा भुर्दंड आपण भरतोय. 'ऑब्लाइज्ड'च्या मुळाशी बांधणं आहे. पोर्तुगीज 'ओब्रिगादू' हाच त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे जुन्या गोव्यात आभार मानताना लोक स्वतःला बांधूनच घेत होते. पण जपून. "आय'म ऑब्लाइज्ड टु यू" म्हणजे मी आपला आभारी आहे, आणि "आय'म ऑब्लाइज्ड टु गो" म्हणजे मला जाणं भाग आहे. 'टु'नंतर माणूस आला की आभार, क्रियापद आलं की सक्ती. 'बिहोल्डन' हा तर थेट आपला मिंधा: "मला कुणाचं मिंधं व्हायचं नाही" याला "आय डोन्ट वॉन्ट टु बी बिहोल्डन टु एनीवन" यापेक्षा चपखल इंग्रजी सापडणार नाही.

चौथं घराणं किमतीचं. लॅटिन 'प्रेतिउम' म्हणजे किंमत. त्यातून प्राइस, प्रेशस, प्रेझ आणि अप्रीशिएट. शेअरचा भाव चढला तरी इंग्रजीत तो 'अप्रीशिएट' झाला म्हणतात, आणि तुमच्या मदतीचं मोल कळलं तरीही क्रियापद तेच. आपलं 'कदर करणे' इथे नेमकं बसतं. ऑफिसच्या ईमेलमध्ये हा शब्द थँक यूच्या खालोखाल लागतो, म्हणून त्याची एक गोष्ट घोटून ठेवा: कदर करण्याच्या अर्थाने आला की अप्रीशिएटला कर्म लागतंच. "आय वुड अप्रीशिएट इफ यू..." असं आपल्याकडे सर्रास लिहितात, मध्ये 'इट' हवा. "आय वुड अप्रीशिएट इट इफ यू कुड सेंड द फाइल टुडे." हे वाक्य आभाराचं नाहीच मुळी, ती विनंती आहे: फाइल आज पाठवलीत तर बरं होईल. आणि "आय वुड अप्रीशिएट इट इफ यू डिडन्ट शाउट" यात विनंतीही नाही, सभ्य शब्दांतली ताकीद आहे.

या चौघांत न बसणारा 'अकनॉलेज' शेवटच्या पानावर लिहा. कुरियरची पोचपावती ती अकनॉलेजमेंट, आणि प्रबंधाच्या सुरुवातीचा ऋणनिर्देश तोही अकनॉलेजमेंट, फक्त अनेकवचनात. मराठीत एक पोच आणि एक ऋण. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, कारण दोन्हीकडे 'मिळालं बरं का' एवढंच सांगायचं असतं.

पायरी तिसरी: चौकट घोटा

शब्द येतो आणि वाक्य तरीही चुकतं, कारण आपण मराठी चौकटीत इंग्रजी शब्द बसवतो. मराठीत आभार 'मानतात' आणि ते नेहमी अनेकवचनी असतात. इंग्रजीत 'थँक्स'ही नेहमी अनेकवचनीच; 'अ थँक' असं काही नसतं. इथपर्यंत जुळतं. पण 'तुमचे आभार मानतो' यावरून कुणी "आय थँक टु यू" म्हटलं की बिघडलं. थँक क्रियापद म्हणून आलं की मध्ये काही न घालता माणूस येतो, मग 'फॉर', मग कारण. "आय वुड लाइक टु थँक माय कलीग्ज फॉर देअर सपोर्ट."

आपल्या 'बद्दल'ला इथे 'फॉर' समजा. 'मदत केल्याबद्दल' म्हणजे "फॉर हेल्पिंग". 'फॉर'नंतर क्रियापदाला 'इंग' लागतं. "थँक यू टु हेल्प मी" हे वाक्य मी दर नव्या वर्गात पहिल्या दिवशी ऐकते. ग्रेटफुलला दोन दांड्या: माणसाला 'टु', गोष्टीला 'फॉर'. "आय'म ग्रेटफुल टु माय आँट फॉर लेटिंग मी स्टे विथ हर." हे एक वाक्य घेऊन माणूस आणि कारण बदलत रोज पाच वाक्यं करा. आठवडा पुरे.

"थँक्स गॉड" नाही, "थँक गॉड". आणि 'थँक्स टु' हे शब्द दिसले की सावध व्हा. त्यात आभार असतीलच असं नाही. "थँक्स टु द रेन, द ट्रेन वॉज टू आवर्स लेट" म्हणजे पावसाच्या कृपेने गाडी दोन तास उशिरा. आपली 'कृपा' टोमणा मारायला जशी चालते तशीच ही.

वजनाचा अंदाजही हवा. लिफ्टचं दार धरलं तर 'थँक्स'. इंग्लंडमध्ये कुणी 'चीअर्स' म्हणेल, त्याच्या हातात पेला असेलच असं नाही. कुणी रात्रभर दवाखान्यात बसलं तर "आय कान्ट थँक यू इनफ". मंडळाच्या देणगीदाराला "वी आर डीपली ग्रेटफुल". लिफ्टवाल्याला 'डीपली ग्रेटफुल' म्हटलं तर तो तुमच्याकडे वळून बघेल. 'थँकिंग यू, युअर्स फेथफुली' हा शाळेतल्या अर्जाचा शेवट आता जुना झालाय. ईमेलमध्ये "थँक यू फॉर युवर टाइम" लिहून मोकळे व्हा.

पायरी चौथी: मराठीतून इंग्रजीत

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण मी स्वतः इथेच तोंडघशी पडले होते. एका शाळेला परदेशातून देणगी आली होती. मुख्याध्यापकांच्या पत्राचा शेवट होता: "आम्ही आपल्या ऋणातच राहू इच्छितो." मी नवखी होते. शब्दाला शब्द लावला: "वी विश टु रिमेन इन युवर डेट." देणगीदाराचं नम्र उत्तर आलं, की रक्कम देणगी म्हणून दिली आहे, कर्जाऊ नाही, परतफेडीचा प्रश्न नाही. मराठीतली ती खास नम्रता, की फेडता येणार नाही आणि आपलं नातं फेडाफेडीचं नाही, पलीकडे पोचलीच नव्हती. पोचलं होतं ते फक्त कर्ज.

तेव्हापासून मी अनुवादाला बसण्याआधी शब्द बाजूला ठेवून स्वतःला विचारते: हा माणूस त्या माणसाला नक्की काय करतोय? आशीर्वाद देतोय, ओझं मान्य करतोय, की टोमणा मारतोय? ते कळलं की शब्द सापडतात. सरावाला एक उतारा घेऊ. निवृत्त होणाऱ्या शिक्षकांच्या निरोप समारंभात माजी विद्यार्थी बोलतोय:

"सर, तुमच्यामुळेच मी आज इथे उभा आहे. दहावीत फीला पैसे नव्हते तेव्हा तुम्ही गुपचूप फी भरलीत. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुमचे पांग फेडणं मला शक्य नाही, आणि खरं सांगू, तुमच्या ऋणात राहायलाच मला आवडेल."

पहिला खर्डा बहुतेक जण असा करतात: "सर, ओन्ली बिकॉज ऑफ यू आय ॲम स्टँडिंग हिअर टुडे. इन टेन्थ देअर वॉज नो मनी फॉर फीज, दॅट टाइम यू सीक्रेटली पेड. धिस फेवर आय विल नॉट फर्गेट इन धिस बर्थ."

आता एकेक काटा काढू. 'बिकॉज ऑफ यू' इंग्रजी कानाला अनेकदा दोष दिल्यासारखं लागतं. 'तुझ्यामुळे उशीर झाला'मधलं तुझ्यामुळे. इंग्रजीत मोठं श्रेय द्यायचं तर वाक्य उलटं फिरवतात: तुम्ही नसता तर. "आय वुडन्ट बी हिअर टुडे इफ इट वरन्ट फॉर यू." 'सीक्रेटली'मध्ये लपवाछपवीचा वास येतो, आपल्या 'गुपचूप'मध्ये इथे चांगुलपणा आहे, म्हणून 'क्वाएटली', किंवा त्याहून छान, "यू नेव्हर टोल्ड अ सोल". 'फेवर' फारच हलका. 'डू मी अ फेवर' म्हणजे 'एक काम करशील?' एवढंच, दहावीची फी त्यात मावत नाही. उपकाराला इंग्रजीत पुष्कळदा नाम सोडूनच द्यावं लागतं: "व्हॉट यू डिड फॉर मी". 'जन्मात'चा जन्म नको, 'नेव्हर' पुरतो. पांग फेडणं म्हणजे 'रिपे', आणि इथे तो पैशांपुरता उरत नाही, कारण आधी काय घडलं ते सांगून झालंय. उरलं ऋण.

माझा तिसरा खर्डा: "सर, आय वुडन्ट बी हिअर टुडे इफ इट वरन्ट फॉर यू. इन टेन्थ स्टँडर्ड, व्हेन वी कुडन्ट पे माय फीज, यू पेड देम, अँड यू नेव्हर टोल्ड अ सोल. आय विल नेव्हर फर्गेट व्हॉट यू डिड फॉर मी. आय कॅन नेव्हर रिपे यू. टु बी ऑनेस्ट, आय डोन्ट वॉन्ट टु. आय लाइक ओइंग यू."

शेवटचं वाक्य माझ्या वर्गात वादाचं ठरतं. काहींना ते फार धीट वाटतं, काही जण "आय शाल ऑल्वेज बी इन युवर डेट" असं भारदस्त करतात. भाषण आहे, बोलणारा तिशीतला आहे, सर समोर बसलेत. मला धीट चालतं. छापील मानपत्र असतं तर मीही भारदस्तकडे गेले असते. तुम्ही दोन्ही लिहा आणि मोठ्याने वाचा.

आणखी काही, जे समारंभात हमखास येतं. 'फूल ना फुलाची पाकळी' याला "अ स्मॉल टोकन ऑफ अवर ग्रॅटिट्यूड". फूल गळतं, नाइलाज आहे. 'खारीचा वाटा' म्हणजे "माय स्मॉल बिट", सेतू बांधणारी खार पलीकडच्याला माहीत असेल तरच ठेवा. 'शाल-श्रीफळ देऊन सत्कार'साठी आपण 'फेलिसिटेट' वापरतो. भारताबाहेर तो फारसा कुणी बोलत नाही, 'ऑनर्ड विथ अ शॉल अँड अ कोकोनट' म्हणा. आभारप्रदर्शन ते 'व्होट ऑफ थँक्स', आणि ते 'प्रपोज' करतात. "इट इज माय प्लेझंट ड्यूटी" या सुरुवातीने लोक घड्याळ बघायला लागतात, तेव्हा ती टाळा.

म्हणींचा खेळ मजेदार आहे. इंग्रज म्हणतो, भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून दात पाहू नये. आपण म्हणतो, धर्माची गाय आणि दात का नाय! जनावराचं वय दातांवरून कळतं हे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक. त्यांच्याकडे घोडा, आपल्याकडे गाय. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' याच्याजवळ "बाइट द हँड दॅट फीड्स यू" येतं, तिथे घराऐवजी हात. 'गरज सरो वैद्य मरो'ला जुनी इंग्रजी म्हण आहे, "डेंजर पास्ट, गॉड फर्गॉटन". आपण वैद्याला विसरतो, ते थेट देवाला.

पायरी पाचवी: इंग्रजीतून मराठीत, म्हणजे गाळायला शिका

उलट्या दिशेला नियमही उलटा. इंग्रजीत आईने मीठ पुढे केलं तरी 'थँक यू'. मराठी कथेत मुलगी आईला "मीठ दिल्याबद्दल धन्यवाद" म्हणाली तर वाचकाला वाटेल, दोघींचं भांडण झालंय. तिथे धन्यवाद सरळ गाळायचा, फार तर 'हं' ठेवायचा. 'नो, थँक यू' म्हणजे नुसतं 'नको'. उलट इंग्रजी बोलताना नुसता 'नो' टाकला तर रूक्ष वाटतं, थँक्स जोडावाच लागतो.

'यू आर वेलकम'चं "तुमचं स्वागत आहे" झालेलं तुम्ही सबटायटल्समध्ये पाहिलं असेल. आभाराला उत्तर म्हणून आपल्याकडे "अहो, त्यात काय!", "आभार कसले?", "असू दे" अशी झटकून टाकणारी वाक्यं आहेत, आणि ती माणूस बघून निवडायची. "थँक यू फॉर नॉट स्मोकिंग" या पाटीवर आभार नाहीतच: कृपया धूम्रपान करू नये. "थँक यू फॉर युवर पेशन्स" हे शब्दशः केलं तर हास्यास्पद होतं. मराठीत तिथे दिलगिरी येते, आपल्याला ताटकळावं लागलं, क्षमस्व. रेल्वे स्थानकावरची उद्घोषणाही असुविधेबद्दल दिलगिरीच व्यक्त करते, आपल्या धीराचे आभार मानत नाही.

"थँक्स फॉर नथिंग"ला मात्र मराठी आधीच तयार बसलेली आहे: "मेहेरबानी झाली!" आणि "हाऊ आर यू?" "फाइन, थँक्स" याचं जुन्या माणसांच्या तोंडी होतं "कसे आहात?" "बरं आहे, तुमच्या आशीर्वादाने." थँक्सच्या जागी आशीर्वाद आला, आणि काहीही सांडलं नाही.

पायरी सहावी: रोजची पंधरा मिनिटं

रात्री त्या दिवशीची एक गोष्ट मराठीत लिहा, जिच्याबद्दल मनात बरं वाटलं. दोन ओळी. शेजारच्या पानावर तिचं इंग्रजी. अशी यादी ठेवण्याने मनावर काय परिणाम होतो याचा अभ्यासही झालाय. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातल्या एका प्रयोगात लोकांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. आपल्याला मात्र त्यातून वाक्यं हवी आहेत. मन प्रसन्न झालं तर वरकड.

अट एवढीच, की आठवडाभर 'थँक' हा शब्द पुन्हा वापरायचा नाही. मग आपोआप 'ओ', 'अप्रीशिएट', 'इफ इट वरन्ट फॉर' यांच्याकडे जावं लागतं. अडलात तर शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडा, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. अर्थ वाचून थांबू नका, खालची उदाहरणं वाचा. पुढे 'टु' येतो की 'फॉर' ते तिथेच कळतं. मराठी शब्दासाठी मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. त्याचं इंग्रजी आता जुनाट वाटतं, पण मराठी शब्दांच्या छटा तो अजूनही फार बारकाईने दाखवतो. मोबाइलवरच्या भाषांतराचा उपयोग तपासणीसाठी करा: तुमचं इंग्रजी त्यात घाला, मराठी काय परत येतं ते बघा. 'पांग'ऐवजी 'कर्ज' परत आलं तर कुठे गळती आहे ते समजेल.

तीन आठवड्यांनी हे पाच घ्या. "तू होतास म्हणून निभावलं." "कष्टाचं चीज झालं." "उपकार करतोस काय माझ्यावर?" "त्याने खाल्ल्या मिठाला जागलं." "आभार मानून तुम्हाला परकं करत नाही." पाचव्यासाठी वेळ राखून ठेवा; आभार न मानणं हाच जिथे जिव्हाळा, ते वाक्य ज्या भाषेत मीठ दिल्याबद्दलही आभार असतात तिथे न्यायचंय.

आणि हे जमलं की पोळ्याला या. वर्षभर राबलेल्या बैलांच्या खांद्यांना आदल्या दिवशी हळद-तूप लावतात, खांदेमळणी म्हणतात तिला. सणाच्या दिवशी जू नाही, पुरणपोळीचा घास. आदल्या संध्याकाळी विदर्भात शेतकरी बैलांना आमंत्रण देतो: "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आभाराचा एकही शब्द नाही, आणि एरवी 'हो हो, चल' ऐकणाऱ्या बैलाला त्या एका दिवशी 'घ्या', 'या'. इंग्रजी 'यू'मध्ये तो मान दाखवायला जागा नाही. माझा आतापर्यंतचा प्रयत्न असा: "कन्सिडर युवरसेल्व्ज इन्व्हाइटेड, सर्स. डू कम टु डिनर टुमॉरो." बैलांना 'सर्स' म्हटल्याने मान येतो की विनोद होतो, यावर माझं स्वतःशी अजून एकमत नाही. तुमचं काय होतं ते वहीत लिहा.